दस्तुरखुद्द : बॉब डिलन यांची सही आणि यंत्राचा हात

नोव्हेंबर २०२२च्या सुरुवातीला बॉब डिलन यांचे ‘द फिलॉसॉफी ऑफ मॉडर्न साँग’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. इतर कलावंतांनी गायलेल्या साठहून अधिक गाण्यांवर डिलन यांनी लिहिलेले हे निबंध. २०१६मध्ये साहित्याचे नोबेल मिळाल्यानंतर त्यांच्या नव्या लेखनाचे हे पहिलेच पुस्तक असल्याने जगभरच्या चाहत्यांना त्याची उत्सुकता होती. सायमन अँड शुस्टर या अमेरिकी प्रकाशन संस्थेने साध्या प्रतींसोबत एक खास आवृत्तीही काढली. तिच्या प्रती फक्त ९०० होत्या. प्रत्येक प्रतीवर डिलन यांनी स्वतःच्या हाताने सही केली आहे, असे जाहीर झाले होते. किंमत ५९९ डॉलर, म्हणजे त्या वेळच्या दराने जवळपास ४९ हजार रुपये. सोबत संस्थेचे मुख्य कार्यकारी अधिकारी जोनाथन कार्प यांचे पत्र होते. सही अस्सल असल्याची हमी त्यात दिली होती.

पुस्तके घरोघर पोहोचली आणि चाहत्यांनी आपापल्या प्रतीचे फोटो इंटरनेटवर टाकले. आनंद वाटून घ्यायला टाकलेले हे फोटो दोन दिवसांत पुरावा बनले. वेगवेगळ्या शहरांतल्या, एकमेकांना कधीही न भेटलेल्या लोकांच्या प्रतींवरच्या सह्या एकमेकींवर ठेवून पाहिल्या, तर त्या तंतोतंत जुळत होत्या. तेच वळण, तोच दाब, शेवटच्या अक्षराची तीच शेपटी. माणसाच्या हातून असे होत नाही.

तक्रारी करणाऱ्यांना प्रकाशकाने आधी उत्तर दिले की प्रत्येक प्रत डिलन यांनीच सही केलेली आहे. पण पुरावे इतके वाढले की २० नोव्हेंबरला संस्थेला माफी मागावी लागली. सही मूळचीच आहे, पण ती लेखणीने काढलेल्या प्रतिकृतीच्या रूपात आहे, अशी कसरत त्या माफीत होती. सगळ्यांचे पैसे परत देण्याचे कबूल झाले. काही दिवसांनी खुद्द डिलन यांचे निवेदन आले. २०१९पासून आपल्याला चक्कर येण्याचा त्रास सुरू झाला आणि महामारीच्या काळातही तो राहिला. एका बैठकीत सह्या करायच्या तर शेजारी पाच माणसे लागतात, तेव्हा ते शक्य नव्हते. कराराच्या तारखा डोक्यावर होत्या. कुणीतरी यंत्राचा मार्ग सुचवला आणि कला-साहित्याच्या जगात हे सर्रास चालते अशी खात्री दिली. यंत्र वापरणे ही आपल्या निर्णयातली चूक होती, असे त्यांनी स्पष्ट म्हटले. प्रकरण पुस्तकांपुरतेही नव्हते. डिलन चित्रेही काढतात. त्या चित्रांच्या सही केलेल्या छापील प्रती विकणाऱ्या ब्रिटनमधील कॅसल फाइन आर्ट या दालनालाही ग्राहकांचे पैसे परत करण्याची तयारी दाखवावी लागली.

या प्रकरणात एक पेच आहे. इथे कुणी भामटा नव्हता. डिलन यांची सही त्यांच्या माघारी कुणी चोरली नव्हती. सहीचा नमुना त्यांचा, संमती त्यांची, पुस्तकही त्यांचे. मग ९०० लोकांना लुबाडल्यासारखे का वाटले? आणि ते वाटणे योग्य होते का? याचे उत्तर शोधायला सहीच्या इतिहासात थोडे मागे जावे लागते.

सही, दस्तखत, स्वाक्षरी

मराठीत या एका गोष्टीसाठी तीन शब्द आहेत आणि तिन्ही शब्दांत वेगळा अर्थ दडला आहे. ‘सही’ हा अरबी ‘सहीह’वरून आला. सहीह म्हणजे बरोबर, निर्दोष, खरे. कागदावर सही झाली म्हणजे त्यातला मजकूर मान्य झाला. ‘दस्तखत’ फारसी आहे. दस्त म्हणजे हात आणि खत म्हणजे लिखाण. हाताने लिहिलेले ते दस्तखत. ‘स्वाक्षरी’ संस्कृत वळणाचा शब्द आहे. त्यात ‘स्व’ आणि ‘अक्षर’ आहे. पहिला शब्द संमती सांगतो, दुसरा हात सांगतो, तिसरा माणूस सांगतो. रोजच्या बोलण्यात आपण हे तिन्ही एकाच अर्थाने वापरतो, कारण बहुतेक वेळा संमती, हात आणि माणूस एकाच ठिकाणी असतात. डिलन प्रकरणात ते वेगळे झाले.

राज्यकारभारात मात्र ते फार पूर्वीपासून वेगळेच होते. उस्मानी सुलतानांचा तुघरा हे त्याचे सर्वांत देखणे उदाहरण. सुलतानाचे आणि त्याच्या वडिलांचे नाव गुंफून काढलेली ही नक्षीदार मुद्रा प्रत्येक फर्मानाच्या माथ्यावर असे. ओरहान गाजीच्या १३२४च्या दस्तावेजावर तिचे सर्वांत जुने रूप सापडते. तुघरा ही सुलतानाची सही मानली जाई, पण सुलतान ती काढत नसे. ‘निशांजी’ नावाचा वरिष्ठ अधिकारी आणि त्याचे दफ्तर हे काम करत असे. यात फसवणूक नव्हती. फर्मान घेणाऱ्याला सुलतानाचे हस्ताक्षर नको होते, सुलतानाचा हुकूम हवा होता. हिंदुस्थानात मोगल फर्मानांवर शिक्के असत, आणि काही खास फर्मानांवर बादशहाच्या पंजाचा ठसाही दिसतो. जिथे प्रत्यक्ष हाताचे मोल दाखवायचे होते, तिथे हातच कागदावर उमटवला जाई.

मराठी दफ्तरातही हीच समज दिसते. पत्राचा मजकूर चिटणीस लिहायचे, माथ्यावर मुद्रा उमटायची आणि शेवटी मर्यादेचा छोटा शिक्का बसायचा. तोच मोर्तब. त्याच्या खाली कुणी नवा मजकूर घुसडू नये, ही त्यामागची काळजी. आज कुठल्याही निर्णयावर आपण ‘शिक्कामोर्तब’ करतो ते इथूनच आलेले आहे. लिहिता न येणाऱ्या पाटलाने नांगराची खूण काढावी आणि कागद पुरा व्हावा, हीही रीत होती. त्याला ‘निशाणी नांगर’ म्हणत.

पण या व्यवस्थेत दोन छोटे शब्द होते आणि आजच्या प्रकरणात तेच महत्त्वाचे आहेत. मजकूर किंवा सही स्वतःच्या हातची असेल तर ‘दस्तुरखुद्द’ असे लिहिले जाई. दुसऱ्याने लिहून दिली असेल तर ‘बिकलम’ म्हणून त्या लिहिणाऱ्याचे नाव टाकले जाई. बिकलम म्हणजे अमुक एकाच्या लेखणीने. ज्याच्यासाठी लिहिले तो वेगळा, ज्याने लिहिले तो वेगळा, आणि दोन्ही नावे कागदावर उघड. दस्तुरखुद्द हा शब्द तर पुढे कागदाबाहेर पडला. आज ‘दस्तुरखुद्द मुख्यमंत्री आले’ असे आपण म्हणतो तेव्हा तो माणूस जातीने हजर होता, असा अर्थ असतो. हस्ताक्षराचा शब्द हजेरीचा शब्द झाला. स्वतःच्या हाताने लिहिणे म्हणजे स्वतः तिथे असणे, ही जाणीव भाषेने जपून ठेवली आहे.

दोन सह्या जुळल्या की संशय

आपली सही प्रत्येक वेळी सारखीच आली पाहिजे, असे आपल्याला बँकेच्या खिडकीने शिकवले. गंमत अशी की सही अगदी सारखी आली तर ती खोटी असण्याची शक्यता वाढते. हे गणिताने दाखवण्याचा एक गाजलेला खटला अमेरिकेत झाला.

मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या न्यू बेडफर्ड गावी सिल्विया ॲन हाऊलँड ही धनाढ्य बाई १८६५ साली वारली. तिची भाची हेट्टी रॉबिन्सन हिने एक जुने मृत्युपत्र पुढे केले. त्याला जोडलेल्या जादा पानामुळे नंतरची मृत्युपत्रे रद्द ठरत होती आणि सगळी संपत्ती भाचीकडे जात होती. त्या पानावरची सही मृत्युपत्रावरच्या अस्सल सहीशी हुबेहूब जुळत होती. इतकी हुबेहूब, की विरुद्ध बाजूने आक्षेप घेतला : ही सही गिरवलेली आहे.

हार्वर्डचे गणितज्ञ बेंजामिन पर्स साक्षीला उभे राहिले. त्यांचे पुत्र चार्ल्स, जे पुढे मोठे तत्त्वज्ञ म्हणून ओळखले गेले, त्यांनी मयत बाईच्या ४२ अस्सल सह्या घेऊन प्रत्येक सहीची दुसऱ्या प्रत्येक सहीशी तुलना केली होती. त्या सहीत लेखणी खाली ओढून काढलेल्या ३० रेघा होत्या. दोन अस्सल सह्यांमध्ये सरासरी दर पाच रेघांपैकी एक जुळत होती. वादातल्या सहीत तीसच्या तीस जुळत होत्या. असा योगायोग अब्जाच्या अब्जपट वेळा सही केली तरी एकदा येणार नाही, असा पर्स यांच्या हिशेबाचा अर्थ होता. १८६८मध्ये न्यायालयाने भाचीविरुद्ध निकाल दिला. त्यासाठी कायद्याचा वेगळाच मुद्दा वापरला गेला, पण संख्याशास्त्राच्या इतिहासात हा खटला कायमचा जाऊन बसला. हेट्टी रॉबिन्सन पुढे हेट्टी ग्रीन या नावाने अमेरिकेतली सर्वांत श्रीमंत बाई म्हणून गाजली, हा आणखी एक किस्सा.

माणसाचा हात सारखा बदलतो. थंडी, वय, घाई, राग, कागदाखालचे टेबल, सगळे सहीत उतरते. म्हणून सहीतला फरक हीच तिच्या जिवंतपणाची खूण आहे. डिलन यांच्या चाहत्यांनी पर्स यांचे नाव ऐकले असो वा नसो, त्यांनी केले तेच. सह्या एकमेकींवर ठेवल्या आणि जुळल्या म्हणून त्या नाकारल्या.

यंत्र दफ्तरातून आले

सही करणारे यंत्र गाण्याच्या दुनियेत जन्मलेले नाही. ते सरकारी दफ्तराचे अपत्य आहे. १८०३मध्ये जॉन आयझॅक हॉकिन्स या इंग्रज संशोधकाने ‘पॉलिग्राफ’चे अमेरिकी पेटंट घेतले. दोन लेखण्या एका चौकटीत जोडलेल्या असत. एक माणसाने चालवायची, दुसरी शेजारच्या कागदावर तीच हालचाल करायची. अमेरिकेचे तिसरे राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसन या यंत्राच्या प्रेमातच पडले आणि १८०४पासून अखेरपर्यंत ते वापरत राहिले. आयुष्यात सुमारे १९ हजार पत्रे लिहिणाऱ्या माणसाला प्रत जपून ठेवण्याची सोय हवी होती. पण लक्षात घ्या, या यंत्राला जेफरसन यांचा हात लागायचाच. ते बसले नाहीत तर दुसरी लेखणीही हलत नसे.

विसाव्या शतकात हात गळाला. रॉबर्ट डी शाझो यांनी १९४२च्या सुमारास ‘ऑटोपेन’ बाजारात आणले. दुसरे महायुद्ध सुरू होते आणि पहिली मागणी अमेरिकी नौदल मंत्र्यांच्या कार्यालयाची होती. यंत्र समजायला सोपे आहे. सहीचा मोठा साचा कापून घेतात. यंत्राचा एक भाग त्या साच्याच्या कडेने फिरतो आणि त्याला जोडलेला दांडा पकडीतली लेखणी तशीच फिरवतो. पकडीत शाईचे पेन बसते, मार्करही बसतो. त्यामुळे कागदावर छपाई नसते, खरी शाई असते. नंतरच्या यंत्रांत साच्याची जागा संगणकीय नोंदीने घेतली. तासाला शेकडो सह्या होतात.

युद्धानंतर वॉशिंग्टनमध्ये हे यंत्र घरचेच झाले. जॉन केनेडी यांच्या कारकिर्दीत त्याचा इतका वापर झाला की चार्ल्स हॅमिल्टन या स्वाक्षरी-व्यापाऱ्याने १९६५मध्ये त्यावर अख्खे पुस्तक लिहिले आणि केनेडींच्या यांत्रिक सहीचे वेगवेगळे साचे वाचकांपुढे ठेवले. लिंडन जॉन्सन यांच्या काळात तर हे यंत्र एका साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर झळकले. अंतराळवीरांच्या फोटोंसाठी जगभरातून पत्रे येऊ लागली तेव्हा नासानेही हेच यंत्र लावले.

संग्राहकांनी मग यंत्राच्या खुणा शिकून घेतल्या. सहीच्या सुरुवातीला आणि शेवटी लेखणी टेकून थांबल्याचा ठिपका, सगळीकडे एकसारखा दाब, वळणावर बारीक थरथर. हाताने सही करताना लेखणी कागदावर उतरण्याआधीच चालू झालेली असते आणि उचलल्यावरही चालत असते, जसे विमान धावपट्टीवर उतरते. यंत्राची लेखणी आधी टेकते, मग निघते.

त्याच अंतराळवीरांची दुसरी एक गोष्ट मात्र या यंत्राच्या अगदी उलट टोकाला आहे. जुलै १९६९मध्ये अपोलो ११ निघण्यापूर्वी नील आर्मस्ट्राँग आणि त्यांच्या दोन साथीदारांनी टपालाच्या काही पाकिटांवर हाताने सह्या करून ती घरच्यांसाठी ठेवली. चंद्रावर जाणाऱ्या माणसाचा पुरेसा विमा परवडण्याजोगा नव्हता. परत आलो नाही तर ही पाकिटे विकून बायकामुलांना चार पैसे मिळतील, हा हिशेब होता. संग्राहक आजही त्यांना विम्याची पाकिटे म्हणतात. ज्या हाताच्या सहीला एवढी किंमत येणार होती, तो हात कदाचित परत येणार नव्हता. किंमत त्यामुळेच होती. यंत्राच्या सहीवर कुणी कुटुंबाचा विमा उतरवला नसता.

चाहता आणि बाजार

कलावंतांच्या जगात परक्या हाताची सही यंत्राआधीच आली होती. हॉलिवूडच्या स्टुडिओंकडे चाहत्यांची पोतीच्या पोती पत्रे येत आणि सचिव किंवा घरची माणसे फोटोंवर सह्या करून पाठवत. जीन हार्लो या १९३०च्या दशकातल्या नटीच्या कितीतरी फोटोंवरची सही तिच्या आईच्या हातची आहे. बीटल्सचा झंझावात सुरू झाला तेव्हा चौघांना सह्यांना वेळ कुठला! त्यांचे सोबती नील ॲस्पिनॉल आणि माल एव्हान्स हे चौघांच्याही सह्या ठोकत असत.

त्या काळात यावर फारसे कुणी रागावले नाही, कारण फोटो फुकट होता. चाहत्याने पत्र टाकले, उत्तरादाखल काहीतरी आले, तो खूश झाला. प्रश्न पुढे उभा राहिला, जेव्हा सहीला बाजारभाव आला. बाजारभाव आला की बनावटही येते. १९९०च्या दशकात अमेरिकेच्या एफबीआयने ‘ऑपरेशन बुलपेन’ या नावाने खेळाडूंच्या खोट्या सह्यांची टोळी पकडली. त्या मालात मदर तेरेसांची ‘सही’ असलेला बेसबॉलही सापडला! यावर बाजाराने उपाय काढला प्रमाणपत्राचा. सही खरी आहे असे सांगणारा दुसरा कागद, आणि त्या कागदावर पुन्हा कुणाची तरी सही.

सही विकणे हेच मुळात वाईट, असे मात्र म्हणता येत नाही. महात्मा गांधी हरिजन निधीसाठी स्वाक्षरीचे पाच रुपये घेत. पैसे कशासाठी हे उघड होते आणि सही त्यांच्या हातची होती. देणाऱ्याला दोन्ही गोष्टी माहीत होत्या.

आज गाण्याच्या धंद्यात सहीवर पूर्वीपेक्षा जास्त भार आहे. गाणी मोबाइलवर ऐकली जातात, रेकॉर्ड किंवा सीडी विकत घेण्याचे कारणच उरलेले नाही. ते कारण निर्माण करायला सही कामी येते. आगाऊ नोंदणी करा, सही केलेली प्रत मिळवा. पुस्तकांत तर सहीचे कोरे पान आधी लेखकाकडे जाते आणि नंतर बांधणीत घातले जाते. कलावंत आणि चाहता समोरासमोर येतच नाहीत. पूर्वी सही ही भेटीची उरलेली खूण होती. वही पुढे करायला रांगेत उभे राहावे लागायचे, नाव सांगावे लागायचे. आता भेट गेली आणि खूण तेवढी राहिली. महामारीने उरलीसुरली रांगही मोडली. भेट नसताना सही झाली हे एकदा मान्य झाल्यावर, हात नसताना सही व्हायला किती वेळ लागणार होता?

यंत्र आणि भेट यांचे वैर अटळ आहे असेही नाही. कॅनडाच्या लेखिका मार्गारेट ॲटवूड यांनी २००६मध्ये लंडनच्या पुस्तक मेळ्यात ‘लाँगपेन’ नावाचे यंत्र दाखवले. लेखिका एका ठिकाणी बसून पडद्यावर वाचकाशी बोलणार, तिथे लिहिणार, आणि दूरच्या शहरात वाचकाच्या प्रतीवर यंत्राची लेखणी तीच अक्षरे त्याच वेळी काढणार. इथे लेखणी यंत्राची आहे, पण पलीकडे लेखिका जागी आहे, या वाचकाचे नाव ऐकून या वाचकासाठी लिहिते आहे. वाचकाला सगळे ठाऊक आहे. असे यंत्र जेफरसन यांच्या पॉलिग्राफचे वंशज म्हणायला हवे.

हुकूम आणि हजेरी

आता मूळ पेचाकडे येऊ. सही दोन कामे करते. एक, हुकूम किंवा संमती पोहोचवते. दुसरे, हजेरी पोहोचवते. पहिल्या कामाला यंत्र चालते. मे २०११मध्ये बराक ओबामा फ्रान्समध्ये परिषदेला गेले होते आणि पाळतीचे अधिकार देणाऱ्या पेट्रियट कायद्यातील तरतुदींची मुदत मध्यरात्री संपत होती. त्यांच्या आदेशावरून वॉशिंग्टनमध्ये यंत्राने विधेयकावर सही केली. अशा सहीला कायदा आड येत नाही, असा सल्ला तिथल्या न्याय खात्याने २००५मध्येच देऊन ठेवला होता : निर्णय राष्ट्राध्यक्षांचा हवा, लेखणी दुसऱ्याने चालवली तरी चालेल. हे निशांजीचे आणि तुघऱ्याचेच तत्त्व. २०२५मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांनी जो बायडन यांच्या यांत्रिक सह्यांवरून रान उठवले आणि व्हाइट हाऊसमधल्या राष्ट्राध्यक्षांच्या तसबिरींच्या रांगेत बायडन यांच्या जागी ऑटोपेनचे चित्र लावले, तेव्हाही खरा वाद यंत्राचा नव्हताच. निर्णय कुणाचा होता, हा होता.

दुसऱ्या कामाला मात्र यंत्र चालत नाही. याचे सर्वांत बोचरे उदाहरण गाण्याच्या जगातले नाही, युद्धातले आहे. डिसेंबर २००४मध्ये उघड झाले की इराक आणि अफगाणिस्तानात मारल्या गेलेल्या अमेरिकी सैनिकांच्या घरी जाणाऱ्या सांत्वनपत्रांवर संरक्षणमंत्री डोनाल्ड रम्सफेल्ड यांची सही यंत्राने होत होती. अशी पत्रे एक हजाराहून अधिक होती. पत्राचा मजकूर त्यांनी मंजूर केलेला होता. संमती पूर्ण होती. तरी आईबाप संतापले आणि रम्सफेल्ड यांना यापुढे प्रत्येक पत्रावर स्वतः सही करू असे जाहीर करावे लागले. त्या आईबापांना हुकूम नको होता. ज्याने मुलाला युद्धावर पाठवले त्याने एक मिनिट त्याचे नाव वाचावे, हात थांबवावा आणि मग सही करावी, एवढीच मागणी होती. ते एक मिनिट यंत्राने वाचवले, आणि त्या पत्रात मोलाचे होते ते तेवढेच.

चाहत्याच्या पुस्तकावरची सही याच दुसऱ्या जातीची आहे. ती कुठलाही हुकूम देत नाही. तिने कर्ज फिटत नाही, जमीन नावावर होत नाही, कायदा लागू होत नाही. ‘मी या कागदापाशी होतो’ एवढेच ती सांगते. त्यामुळे संमतीचा बचाव इथे लंगडा पडतो. डिलन यांनी परवानगी दिली होती हे खरे, पण लोकांनी परवानगी विकत घेतली नव्हती. त्यांनी आयुष्यभर ज्याचा आवाज ऐकला त्या माणसाच्या ८१व्या वर्षातले काही सेकंद विकत घेतले होते. ते सेकंद त्या पाकिटात नव्हतेच.

आजारी म्हाताऱ्या कलावंताचा हात थकला, यात गुन्हा काही नाही. चक्कर येत असलेल्या माणसाने ९०० वेळा लेखणी उचलावी, असा हट्ट कुणी चाहता धरणार नाही. यंत्रही बिचारे निर्दोष आहे. त्याने सांगितले तेवढे केले. दोष त्या पत्रात होता, ज्याने यंत्राच्या रेघेला हाताची रेघ म्हटले. तेच पुस्तक ‘सहीची प्रतिकृती असलेली आवृत्ती’ म्हणून कमी किमतीत विकले असते, तर घेणारे घेतले असते आणि माफीची वेळ आली नसती. पण मग ५९९ डॉलर मिळाले नसते. त्या दोन किमतींमधला जो फरक, तेवढी किंमत एका खोट्या वाक्याची होती.

जुन्या मराठी कागदावर हा प्रश्न एका शब्दात सुटत होता. गावच्या पाटलाला लिहिता येत नव्हते, त्याची त्याला लाज नव्हती. तो नांगर काढायचा आणि लिहिणारा आपले नाव बिकलम म्हणून खाली टाकायचा. कुणाची संमती आणि कुणाचा हात, हे शंभर वर्षांनी कागद उघडणाऱ्यालाही कळते. आज साच्यातून सह्या निघतात, उद्या आवाज आणि चेहरेही निघतील, किंबहुना निघू लागलेच आहेत. त्यांना बंदी घालून काही होणार नाही. पण घेणाऱ्याने विचारावे आणि विकणाऱ्याने लिहावे : हे दस्तुरखुद्द आहे की बिकलम यंत्र?